रविवारचं उभं राहणं

घरात लांबलचक आजार असला की दोन गोष्टी साठतात. गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं मी टाकून देते. किस्से कुठे टाकणार? म्हणून आल्यागेल्याला सांगत बसते.

मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि नात लिहून घेते. ती माझ्या 'नाय'चं 'नाही' करते, मी करू देते. माणसं तोंडाने जे बोलली ते मात्र जसंच्या तसं ठेव, असं तिला बजावलंय.

आजार माझ्या सुनेचा, या नातीच्या आईचा, मनीषाचा. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मनीषा महाडची, बाजारपेठेत वाढलेली, पण भातलावणीला उतरली की आमच्या बायकांना मागे टाकायची. एका उन्हाळ्यात तिचे सांधे धरले, ताप येऊन-जाऊन राहिला आणि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, नाकावरून एकमेकांना जोडलेले. वाडीने आधी उष्णता म्हटलं, मग नजर म्हटलं, मग बाहेरचं काहीतरी म्हटलं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि ल्युपस म्हटलं. म्हणजे काय, तर अंगात जे राखणीला ठेवलेले शिपाई असतात, ते चोर सोडून घरच्याच माणसांना बडवायला लागतात. त्यांना आवरायला स्टेरॉइडची गोळी.

तिथून सगळं सुरू झालं.

*

स्टेरॉइड हा शब्द वाडीला नवा नव्हता. शेजारच्या यमुनाचा धाकटा मुंबईला जिममध्ये जातो. एका गणपतीला आला तेव्हा त्याचे दंड शर्टात मावत नव्हते. शाळेच्या मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, की ही स्टेरॉइडची करामत आहे, याने माणूस मरतो. यमुना खाली मान घालून घरी गेली होती. ती विसरणारी बाई नाही.

मनीषाच्या गोळीचं नाव कानावर गेलं तशी पदर खोचून आली.

"वयनी, माझ्या पोरानं घेतलं तर वाडीची इज्जत गेली. आणि तुझी सून डॉक्टरच्या चिठ्ठीनं घेते?"

मी समजावलं. त्याची हौस होती, हिचं औषध आहे, जात वेगळी, काम वेगळं. यमुनाने ऐकून घेतलं. मग मनीषाजवळ गेली, तिचा दंड हातात धरला, दाबून बघितला.

"हिला तर कायच लागू पडलं नाय," म्हणाली. "डॉक्टर बदला."

*

लागू पडलं ते चेहऱ्याला. महिन्या-दोन महिन्यांत मनीषाचा चेहरा गोल झाला, गाल वर आले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, गोळीने असं होतं, गोळी कमी झाली की उतरेल. तरी मनीषाने आरशावर टॉवेल टाकून ठेवला. केस विंचरायची ते अंदाजाने.

अशात तिची आई भेटायला आली. आजाराचं माहेरी अजून कळवलं नव्हतं. बाई तोंडाची फटकळ. लग्न झाल्यापासून जेव्हा जेव्हा आली तेव्हा उंबऱ्यातच, माझ्याकडे बघून, "पोर वाळली गो माझी," असं म्हणून मगच चपला काढायची. त्या दिवशी तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बघितला, आणि माझ्याकडे वळली.

"ईनबाई, आता कशी पोरीच्या पोटाची काळजी घेताय."

मनीषा माझ्याकडे बघत होती. आजार, गोळी, सगळं मला सांगता आलं असतं. पण त्या घरातून आलेलं ते पहिलंच कौतुक होतं.

"घेते आपली जमंल तशी," मी म्हटलं.

आई गेल्यावर मनीषा खांबाला धरून हसली. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

*

श्रावण आला. गोळीचं पाकीट देताना दुकानदाराने सांगितलं होतं, पोटभर जेवल्यावरच घ्यायची. मनीषा सांगितलेलं तंतोतंत पाळणारी. सोमवारी उपास, म्हणजे पोटभर जेवण नाही, म्हणजे गोळी नाही. शनिवारी तेच. मध्ये चतुर्थी, एकादशी आली, तेव्हाही तेच. तिचं म्हणणं, देवाचंही पाळलं आणि डॉक्टरचंही.

श्रावण अर्धा होतो तो तिला अंथरुणातून उठवेना. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या. महाडला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई, ज्या कधी आवाज चढवत नाहीत, त्या खुर्चीतून उठल्या. ही गोळी अशी मध्येच सोडायची नसते, अंगाला तिची सवय झालेली असते, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, असं दोनदा सांगितलं. उपास जमेल तर करा, नाहीतर सोडा, पण गोळी चुकवायची नाही.

मी विचारलं, "बाई, ही गोळी उपासाला चालते काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती.

"चालते," म्हणाल्या. "वरीच्या तांदळासारखी चालते."

वाडीत ते पसरलं. त्यानंतर कोणी रक्तदाबाची, कोणी साखरेची गोळी घेऊन माझ्याकडे विचारायला यायला लागली, ही उपासाची आहे का.

*

मग हाडांचं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पाठीच्या कण्याचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवलेलं आहे. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, आग विझवायला पाणी मारलं की मातीची भिंतही भिजते. गोळी आजाराला दाबते, पण जास्त दिवस घेतली की हाडं आतून पोकळ करते. आजार काबूत आला की गोळी हळूहळू कमी करू. तोवर हंडा उचलायचा नाही, वाकून ओझं घ्यायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही. मणका चेपला तर अंथरूण धरावं लागेल.

मनीषाने चेहऱ्याचं विचारलं नाही, दुखण्याचं विचारलं नाही.

"उभी राहीन ना मी?" एवढंच विचारलं.

"राहाल. जपलंत तर."

तिच्या माहेरी तिची आजी माजघरात वर्षानुवर्षं पडून होती. तिचं सगळं लहानपणी मनीषानेच केलेलं. पडून राहणं म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि माझीही हाडं तपासायला लावली. सुनेची गोळीने गेलेली, माझी वयाने. दोघींची बेरीज सारखीच आली.

*

माझा मुलगा दिनेश पिकअप चालवतो. हिसका बसू द्यायचा नाही, हे त्याने मनावर घेतलं. मनीषाला आणि मला घेऊन महाडला निघाला की हायवेला खड्डा दिसताच गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, खड्डा बघायचा, परत चढायचा आणि बाजूने काढायचा. एसटी पुढे जायची. सायकलवाला पुढे जायचा. एकदा एक बाई डोक्यावर भारा घेऊन पुढे गेली आणि मागे वळून आमच्याकडे बघत राहिली.

शेवटी ट्रॅफिकच्या हवालदाराने अडवलं. गाडी बिघडली काय, दारू प्यालास काय, सगळं विचारलं. दिनेशने सांगितलं, "नाय साहेब. बायकोची पाठ नाजूक हाय. गचका बसला नाय पायजे."

हवालदाराने आत वाकून मनीषाकडे बघितलं, दिनेशकडे बघितलं.

"माझ्या घरी असं कोणाला सांगू नका," म्हणाला, आणि मोटारसायकल काढून आमच्या पुढे पुढे, हाताने खड्डे दाखवत, सावित्रीच्या पुलापर्यंत आला.

*

ल्युपसवाल्याला ऊन चालत नाही, चट्टे पेटतात. म्हणून मनीषा पौषातल्या कोवळ्या उन्हातसुद्धा काळी छत्री घेऊन फिरायची. पण हाडाला तर ऊन पाहिजे. मग करायचं काय? तर ऊन पुडीत मिळतं. डी व्हिटॅमिनची पुडी, आठवड्यातून एकदा दुधात टाकून प्यायची. दोघींनाही तीच. घरात आम्ही तिला ऊनच म्हणायचो.

माझा भाऊ वरंधहून आला होता. भर आषाढ. घाटात दरड पडलेली, चार दिवस पावसाने डोळा उघडला नव्हता. आतून मनीषाने हाक दिली, "आई, आज ऊन घ्यायचंय. दूध तापवू काय?"

"तापव. माझं पण ऊन राहिलंय," मी म्हटलं.

भावाने पडवीतून बाहेर बघितलं. पागोळ्या नुसत्या धो धो. निघताना दिनेशला बाजूला घेऊन म्हणाला, "डोक्याचा चांगला डॉक्टर पुण्याला हाय. नेणार असशील तर दोघींनापण ने."

*

आता रविवारचं सांगते.

हाडांना भरण यायला आम्हा दोघींना आणखी एक गोळी होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रविवारी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही, आणि आडवं व्हायचं नाही.

पहिल्या रविवारी मनीषाने गोळी घेतली आणि अंग दुखतंय म्हणून जरा लवंडली. दुपारपर्यंत छातीत आग आग. गोळी अन्ननळीत रेंगाळली तर भाजते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बसलात तरी चालेल, पण ताठ बसा. आता माझं बसणं म्हणजे टेकणं, आणि टेकणं म्हणजे डुलकी. म्हणून आम्ही ठरवलं, उभंच राहायचं. घरात उभं राहिलं तर मनीषाचा हात भांड्यांकडे जातो, म्हणून अंगणात. आमच्याकडे डोंगराआडून ऊन उशिरा येतं, त्यामुळे तिला बाधायचं नाही.

अंगणाच्या या कडेला मी, त्या कडेला ती. मध्ये तुळस. सकाळी सकाळी काय बोलणार, गप्प उभ्या.

यमुनाने हे दोन-तीन रविवार बघितलं. मग एकदा मधोमध येऊन उभी राहिली.

"जे काय भांडण असंल ते आज मिटवा. अख्खी वाडी बघते."

मनीषाने तिला गोळीचं सगळं सांगितलं. यमुना विचारात पडली.

"म्हंजे तेवढा वेळ तुम्हाला कोण काय सांगत नाय?"

"नाय काकी."

"चहा टाक, पाणी दे, माझा टॉवेल कुठं हाय, कायच नाय?"

"कसं सांगतील? गोळी घेतलीय ना."

पुढच्या रविवारी यमुना येऊन तुळशीजवळ उभी राहिली. गोळीबिळी काही नाही. थोड्या वेळाने तिच्या घरातून नवऱ्याची हाक आली, चहाची. ती हलली नाही. पुन्हा हाक आली. मग तो रिकामा कप घेऊन पडवीत आला. मी म्हटलं, "भावजी, थांबा जरा, ती उभी हाय." तो कप घेऊन तिथेच घुटमळला, मग आत गेला, आणि आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला. यमुना समोर बघत होती. तोंडावरची माशी हलली नाही.

गौरी येईपर्यंत वरच्या आळीच्या बायकाही यायला लागल्या. यमुनाने नियम घातले. बोलायचं नाही. हातात काही धरायचं नाही, मोबाइल तर नाहीच. घरून हाक आली तर ओ द्यायची नाही. मनीषा दर वेळी सांगायची, काकी, हे व्रत नाही हो, औषध आहे.

"औषध तुमचं," यमुना म्हणायची. "उभं राहणं आमचं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याची गोळी लोक हमखास विसरतात, तुम्ही कशा विसरत नाही? मी म्हटलं, विसरलो तर वाडी दारात येऊन उभी राहते. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

*

स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी होत होती. गालही उतरायला लागले होते. आरशावरचा टॉवेल मनीषाने स्वतःच काढून धुवायला टाकला. गौरीच्या फुगड्यांत आमच्या वाडीत तिचा हात धरणारी नव्हती, पण त्या साली ती नुसती बसून गाणी म्हणाली. हंडा नाही, ओझं नाही, गचका नाही. सगळं पाळलं.

आणि चैत्र सरता सरता यमुनाच्या घरी वर्षाचा मसाला निघाला. मिरच्या भाजायला घेतल्या. वारा आमच्या बाजूचा. मनीषा पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिला शिंक आली. एकच.

सूप तिच्या हातातून सुटलं. खांब धरून तशीच बसली, पांढरीफटक.

"आई, आत काय तरी मोडलं."

महाडला फोटो काढला. मणका चेपला होता. पोकळ हाडाला शिंकसुद्धा पुरते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिनेश, ज्याने हायवेचा एकेक खड्डा उतरून बघितला होता, तो दिवसभर जो भेटेल त्याला तेच सांगत होता, "शिंकेनं. नुसत्या शिंकेनं."

यमुना आमच्याकडे आली नाही. भाजलेल्या मिरच्या तिने टोपलीसकट परसात नेऊन पुरल्या. त्या साली तिच्या घरची आमटी पिवळी होती. कोणी विचारलं तर म्हणायची, डॉक्टरने तिखट बंद केलंय. कोणाच्या डॉक्टरने, ते सांगायची नाही.

*

मनीषाला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कमरेला पट्टा दिला, औषधं दिली, दुखणं कमी झालं. मग तिथले डॉक्टर म्हणाले, आता उभं राहायचं. व्यायाम करून घेणारी एक मुलगी रोज यायची, छातीशी फाइल धरून. वॉकर पुढे करायची. मनीषा म्हणायची, उद्या.

दिनेश फोनवर सांगायचा, डॉक्टर म्हणतात, जितकी पडून राहील तितकी हाडं आणखी झिजतील. मी तिच्याशी बोलायला बघितलं. ती एवढंच म्हणाली, "आई, उभी राहिले आणि परत मोडलं तर?" मग म्हणाली, "ठेवते." त्यानंतर तिने माझा फोन घेणंच बंद केलं.

शनिवारी संध्याकाळी यमुना आली. मिरच्यांनंतर पहिल्यांदा. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"उद्या रविवार हाय," म्हणाली. "तुझ्या नातीला सांग, फोन चार्ज करून ठेव."

आमच्या वाडीत रेंज फक्त वर, देवीच्या देवळापाशी. सकाळी मी घरी गोळी घेतली आणि काठी टेकत वर गेले. बघते तर सगळ्या जमलेल्या. कोणी बोलत नव्हतं. नातीने मोबाइल देवळाच्या कट्ट्यावर दगडाला टेकवून उभा केला आणि बापाला व्हिडिओ कॉल लावला.

दिनेशने फोन मनीषासमोर धरला. ती उशीला टेकून पडली होती. तिने आम्हाला बघितलं. आम्ही ओळीने उभ्या होतो, हात खाली, तोंडं मिटलेली. यमुना पुढे. खालून वाडीतून कोणीतरी चहासाठी हाका मारत होतं. कोणी ओ दिली नाही.

मनीषाने एकेकीचं तोंड बघितलं. मग दिनेशला म्हणाली, "माझी गोळी कुठाय?"

तो पिशव्या धुंडाळायला लागला. आम्हाला छत दिसलं, पंखा दिसला, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली मनीषा दिसली. तिने गोळी तोंडात टाकली. पेलाभर पाणी प्याली. पेला खाली ठेवला.

आता आडवं व्हायची सोय राहिली नव्हती.

फोन पुन्हा हलला. भिंत, सलाइनचा दांडा, मग नुसती फरशी. फरशीवर तिचे दोन पाय आले. टेकले. थरथरले. राहिले.

दिनेशने फोन वर घेतला तेव्हा ती उभी होती. समोर बघत. दोन्ही हातांनी वॉकर धरलेला. हातात काही धरायचं नाही हा यमुनाचा नियम. यमुनाने वॉकर बघितला आणि चालवून घेतला.

तेवढ्यात ती व्यायामाची मुलगी आत आली.

"अय्या, मनीषाताई! रोज सांगून सांगून थकले मी. आज कशा काय उभ्या राहिलात?"

मनीषा बोलली नाही. मुलीने दिनेशकडे बघितलं, तोही गप्प. मग तिचं लक्ष मोबाइलकडे गेलं. जवळ येऊन वाकून बघितलं. देऊळ, आणि देवळासमोर ओळीने उभ्या बायका.

"हे काय चाललंय?"

यमुनाने इकडून ओठांवर बोट ठेवलं.

मुलीने आमच्याकडे बघितलं. मनीषाकडे बघितलं. मग हातातली फाइल पलंगावर ठेवली आणि तिच्या बाजूला, हात खाली सोडून, गप्प उभी राहिली.